पुलावरचा पहारेकरी आणि दोन नंबरचा पंप

कॉम्प्युटरवरच्या एका खेळाचे गुणदोष आमच्या घरात जितक्या गांभीर्यानं तपासले गेले, तितक्या गांभीर्यानं मला सांगून आलेली स्थळंसुद्धा तपासली गेली नाहीत. ही तक्रार नाही. स्थळं एकंदरीत तपासण्यासारखी नव्हतीच. पण खेळाचा अहवाल मात्र बाबांनी स्वतःच्या हातानं, कार्बन पेपर लावून, दोन प्रतींत लिहिला होता आणि त्यातली एक प्रत अजून माझ्या कपाटात आहे.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती आणि आम्ही तिथल्या एका सेक्टरमधल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. बाबा तिथल्या पोलादाच्या प्लांटमधल्या एका पंपहाऊसमध्ये ऑपरेटर होते. भट्ट्यांकडे थंड पाणी ढकलणारे चार पंप, त्यांची दर तासाची रीडिंग आणि ती लिहायचं लॉगबुक, एवढं त्यांचं राज्य. भंडाऱ्याकडची धानाची शेती भावांच्या हवाली करून ते विशीत इथे आले, तेव्हा त्यांच्या पहिल्या फोरमननं त्यांना एक नियम शिकवला. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, समोर उभा राहून चार्ज घेत नाही तोवर जागा सोडायची नाही. मग जेवणाची वेळ होवो, घरी पाहुणे येवोत, की बायको बाळंत होवो. माझ्या जन्माच्या वेळी रिलीव्हर दीड तास उशिरा आला होता, हे आई आजही ज्या स्वरात सांगते तो स्वर मला लिहून दाखवता येत नाही.

हा नियम बाबांच्या अंगात इतका मुरला होता की दुर्गच्या बसमध्ये उतरण्याआधी ते आपली सीट रीतसर सोपवत. जवळ उभ्या असलेल्या कोणालाही गाठून सांगत, की खिडकीची काच वर राहत नाही, समोरच्या सीटचा खिळा बाहेर आलाय, धोतर सांभाळा. ज्याला सांगितलं त्यानं मान हलवली की मगच ते उतरत. तोवर बस पुढच्या थांब्यावर पोचलेली असे आणि आम्ही उलटे चालत येत असू.

तर पुढच्या जानेवारीअखेर बाबा रिटायर होणार होते आणि त्यांच्या जिवाला एकच घोर लागला होता: शेवटच्या दिवशी आपल्याकडून जागेचा कायमचा चार्ज कोण घेणार. फंड, गावाकडचं घर, माझं लग्न, यांतलं काही त्यांना सतावत नव्हतं. दिवाळी आली तरी त्यांच्या जागी कोणाचं नाव लागलं नव्हतं. ते रोज विचारत आणि रोज त्यांना ‘देखते हैं’ असं उत्तर मिळे. दोन नंबरच्या पंपाबद्दल बरंच काही सांगायचं होतं त्यांना, पण रोजचे पाळीवाले घाईत सही करून मोकळे होत, आणि ते ऐकायला माणूस मिळत नव्हता.

त्या दिवाळीत दादा पुण्याहून आला. त्याला तिथे नुकतीच नोकरी लागली होती, त्याचा कॉम्प्युटर मात्र अजून आमच्याकडेच होता. त्यावर तो एक खेळ खेळायचा. राक्षस, जादूगार, किल्ले असा सगळा कारभार, आणि त्यातून आपला एक योद्धा वाढवत न्यायचा. जितके राक्षस माराल तितका तो दणकट होतो. दादानं तीन वर्षं खपून असा एक कुऱ्हाडवाला गडी तयार केला होता. इंजिनिअरिंगला त्याचा जो विषय राहिला त्याचं कारण हा गडी होता, हे फक्त मला माहीत होतं. या वेळी दादानं त्या खेळाची पुरवणी आणली. पेपरमध्ये उत्तरपत्रिका भरली की जोड मागतात ना, तशी खेळालाही मिळते. जुनाच खेळ, पण पुढे नवा मुलूख, नवी हत्यारं, नवी कथा. दादा चार दिवस त्यात डोकं घालून बसला, फराळ त्यानं की-बोर्डवरच केला, आणि सुट्टी संपल्यावर निघाला.

दुर्ग स्टेशनवर गाडी हलता हलता तो खिडकीतून बाबांना म्हणाला, “बाबा, माझ्या गड्याकडे पाहत जाजा थोडं.”

तो गमतीनं बोलला होता. फलाटावरच्या केळीवाल्यालासुद्धा ते कळलं असेल. बाबांना नाही. त्यांच्या हिशेबी एका माणसानं जागा सोडताना दुसऱ्याला चार्ज दिला होता, आणि तोही धड काही न सांगता, घाईघाईत. परतीच्या टेम्पोत ते त्यावरच चिडचिड करत होते. गडी कोणत्या हालतीत आहे, सामान किती आहे, काही सांगितलं नाही पोरानं, असं ते आईला सांगत राहिले. आई म्हणाली की तिला कशातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आल्यावर त्यांनी मला कॉम्प्युटर सुरू करायला लावला. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, सकाळी दुर्गला कॉलेज, दुपारी जर्नल. मला वाटलं दोन दिवसांत हौस फिटेल. मी त्यांना माऊस धरायला शिकवलं, इंग्रजी वाक्यांचं मराठी करून सांगितलं, आणि तिथेच माझं चुकलं. कारण पुरवणीच्या तोंडाशीच एक पूल होता आणि पुलावर एक म्हातारा पहारेकरी होता.

नव्या मुलखात जायचं तर या पुलावरून जावं लागे. पहारेकरी प्रत्येक वेळी तेच बोले. मी भाषांतर केलं: माझी पाळी कधीच संपली, पण माझ्या जागी येणारा अजून आला नाही, तो आल्याशिवाय मला हलता येत नाही.

बाबांनी माऊस खाली ठेवला. किती वेळापासून उभा आहे, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, खेळ सुरू झाल्यापासून. ते उठले, ग्लासभर पाणी प्यायले आणि परत येऊन बसले. खेळातल्या कामांच्या यादीत नवं काम आलं होतं, पहारेकऱ्याचा बदली माणूस शोधून आणा. आमच्या घरात त्या क्षणापासून राक्षस, खजिना, राजकन्या वगैरे सगळं मागे पडलं.

इथे गुणदोषांचं सांगते, कारण मला त्या खेळाचा राग असला तरी मी खोटं बोलणार नाही. पुरवणी दिसायला सुंदर होती. बर्फाचा मुलूख होता आणि बर्फावर गड्याच्या पावलांचे ठसे मागे राहत. ज्यांनी जन्मात बर्फ गोळेवाल्याच्या गाडीवरच पाहिला त्यांना ते पाहतच राहावंसं वाटे. सामान ठेवायची पेटी पूर्वीपेक्षा दुप्पट मोठी केली होती. सोबत एक पगारी भालेवाला मिळे. उलट, सुरुवातीचे लांडगे नको इतके दांडगे होते, शेवटचा राक्षस मात्र पाचव्या फटक्याला आडवा झाला. कथा आठ दिवसांत संपली. आणि तुम्ही नव्या मुलखात केवढाही पराक्रम करून या, जुन्या गावातले लोक तुम्हाला पहिल्या दिवशीसारखंच ‘कोण तू परदेशी?’ असं विचारत. मला हा सर्वांत मोठा दोष वाटला. बाबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. भंडाऱ्याला गेलं की त्यांनाही तोच अनुभव येत असे.

त्यांचा अहवाल वेगळाच होता. दादानं पत्रात सहज विचारलं होतं की पुरवणी कशी वाटली, तर बाबांनी ‘गुण’ आणि ‘दोष’ असे दोन रकाने पाडले. गुणांत लिहिलं की पेटी चांगली आहे, भालेवाला वेळेवर येतो, बर्फामुळे धूळ नाही. दोषांचा रकाना पाठपोट भरला होता. पुलाला कठडा नाही, त्यामुळे भालेवाला दोनदा दरीत पडला. तेलाच्या पिंपांजवळ उघड्या मशाली लावल्या आहेत. शंभरातल्या नव्वद योद्ध्यांच्या डोक्यावर हेल्मेट नाही आणि ज्यांच्या आहे त्यांच्या हेल्मेटला शिंगं आहेत, ती कशाततरी अडकतील. औषधाच्या बाटल्यांवर तारीख नाही. आणि शेवटी, लाल शाईनं, दोनदा अधोरेखित: पुलावरच्या कर्मचाऱ्याला रिलीव्हर नाही, ताबडतोब व्यवस्था व्हावी.

व्यवस्था होईपर्यंत काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःच सोडवला. दर थोड्या वेळानं जंगलातून लांडगे येत आणि म्हाताऱ्याच्या अंगावर जात. खेळात तो मरत नसे. नुसता गुडघ्यावर बसे आणि पुन्हा उठून तेच वाक्य बोले. बाबांना ते पाहवेना. त्यांनी दादाचा गडी पुलावर उभा केला, म्हाताऱ्याला तेवढाच आराम. पण गडी आपणहून काही करत नाही, त्याला कोणीतरी चालवावं लागतं. म्हणून त्यांनी प्लांटच्या पाळ्या घरात लावल्या. एक नवी वही आली, तिच्यावर ‘लॉगबुक’ लिहिलं गेलं, आणि स्वयंपाकघराच्या दारावर आमच्या तिघांच्या ड्यूटीचा तक्ता चिकटला.

मी भांडले. म्हटलं, कॉम्प्युटर बंद केला की तिथे कोणीच नसतं, पूल नाही, लांडगे नाहीत, म्हातारा नाही.

बाबा शांतपणे म्हणाले, “मी पंपहाऊसमध्ये असतो तवा तुले दिसतो का? मंग मी उभा नाई राहत का तिथं?”

मी जर्नल मिटलं आणि तक्त्यात माझी पाळी पाहून घेतली. रात्रपाळीला मात्र आईनं साफ नकार दिला. अखेर वहीत नोंद झाली: रात्री दहा ते सकाळी सहा शटडाउन, पूल उघडा, जबाबदारी गृहिणीची. खाली आईची सही आहे, आणि ती इतकी दाबून केलेली आहे की पुढच्या दोन पानांवर उमटली आहे.

गंमत म्हणजे आम्हा तिघांत सर्वांत चांगली पाळी आईच करायची. मांडीवर मेथीची जुडी, डोळे मेथीवर, आणि लांडग्याचा गुरगुराट ऐकू आला की डावा हात माऊसवर. एक टिचकी, लांडगा आडवा, पुन्हा मेथी. शेजारच्या काकू वाटीभर साखर मागायला आल्या तर त्यांना ती उभ्या उभ्या पाच लांडगे मारून दाखवी. “रिकामचोट धंदे लावले माह्या मागं,” असं म्हणत ती उठे, पण मी चार्ज घेतल्याशिवाय कधी उठली नाही. लाल बाटल्या किती, निळ्या किती, कुऱ्हाडीची धार कितपत राहिली, सगळं तोंडपाठ सांगे.

बदली माणसाचा शोध बाबा स्वतःच्या पाळीत घेत. त्यांनी तो बर्फाचा मुलूख इंचाइंचानं तुडवला. प्रत्येक गुहा, प्रत्येक झोपडी. वहीत नोंदी आहेत: उत्तरेकडील किल्ला पाहिला, कोणी नाही. जादूगाराला विचारले, तो दुसरेच बोलतो. गोठलेली नदी पाहिली, कोणी नाही. आणि रोज ड्यूटीवर ते आपल्या रिलीव्हरबद्दल विचारत, ‘देखते हैं’ ऐकून घरी येत. डिसेंबर संपता संपता तर मला कळेनासं झालं की संध्याकाळी ते आईला सांगतात ती कोणत्या जागेची हकिकत आहे.

जानेवारीत मी एसटीडी बूथवरून दादाला फोन केला. तो पोट धरून हसला. मग म्हणाला की त्याच्या ऑफिसातल्या पोरांनी ही पुरवणी कोळून प्यायली आहे आणि पहारेकऱ्याचा बदली माणूस कुठेच नाही. कंपनीला बाजारात आणायची घाई झाली, ते पात्र करायचंच राहून गेलं, काम मात्र यादीत तसंच राहिलं. ते कधीच पुरं होत नाही, सोडून द्या म्हणावं.

मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. बाबांनी विचारलं की मग कंपनीला लिहायचं का. सीडीवर कंपनीचा पत्ता नव्हता. ती पुण्याच्या कोणा पोरानं कॉपी केली होती आणि तिच्यावर मार्करनं खेळाचं नाव चुकीचं लिहिलं होतं.

“म्हंजे माणूस ठेवलाच नाई त्याहीनं,” बाबा म्हणाले.

एवढंच. मला वाटलं आता संपलं. पण पाळ्या चालूच राहिल्या. फक्त त्यांनी शोध थांबवला. आपल्या पाळीत ते गडी म्हाताऱ्याशेजारी उभा करून नुसते बसून राहत. मला त्यांची कीव आली आणि कीव आल्याचा राग आला, म्हणून मी त्यांच्याशी आणखीच तुसडेपणानं वागले. हे लिहिताना मला बरं वाटत नाही.

त्याच सुमारास त्यांना एक कागद मिळाला. पंपहाऊसचे चारही पंप आता तारेनं मुख्य कंट्रोल रूमला जोडले जाणार होते, तिथल्या पॅनेलवरून आपोआप चालणार होते, आणि बाबांच्या शेवटच्या पाळीनंतर इथे कोणत्याच पाळीला ऑपरेटरची जागा राहणार नव्हती. कागद स्वच्छ हिंदीत होता आणि बाबांनी त्यावर पोच म्हणून सहीही केली. पण कागद वेगळा आणि नियम वेगळा. शेवटच्या दिवशी दोन वाजता कोणीतरी येईल, या समजुतीत त्यांनी तसूभर बदल केला नाही.

शेवटच्या दिवशी त्यांची सकाळपाळी होती, सहा ते दोन. दुपारी बाराला कॅन्टीनमध्ये निरोप होता. आईनं पाटवड्यांचा रस्सा करायला घेतला होता. अडीच वाजले, तीन वाजले, चार वाजले. आई दर दहा मिनिटांनी फाटकाशी जाऊन यायची. मी कॉम्प्युटरसमोर होते. तक्त्याप्रमाणे दोनपासून माझी पाळी होती, आणि त्या दिवशी ती मोडायची मला हिंमत झाली नाही.

काय झालं ते नंतर त्यांच्या सोबत्यानं सांगितलं. निरोप व्यवस्थित झाला, शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. मग बाबा पंपहाऊसवर परत गेले आणि तेवढ्या वेळापुरता चार्ज घेऊन थांबलेल्या शेजारच्या ऑपरेटरला मोकळं केलं. दोन वाजले, कोणी आलं नाही. तीन वाजता त्यांनी रीडिंग घेतली आणि लिहिली. चार वाजता घेतली. पाच वाजता घेतली. शाल खांद्यावर, घड्याळ टेबलावर. शेवटी शिफ्टचे साहेब स्कूटरवरून आले. भला माणूस होता. म्हणाला, “काका, घर जाइए। पंप चल रहे हैं।” बाबांनी विचारलं की चार्ज कोणाला देऊ. साहेबानं पॅनेलकडे जाणाऱ्या केबलकडे पाहिलं, मग टेबलावरचं घड्याळ उचलून बाबांच्या सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि त्यांना फाटकापर्यंत सोडलं.

सहाच्या सुमारास सायकल फाटकाशी वाजली. बाबा प्लांटचे बूट घालूनच आत आले आणि निरोपाचं घड्याळ त्यांनी टेबलावर ठेवलं. उभ्या आयुष्यात ते बूट त्यांनी उंबऱ्याच्या आत आणले नव्हते. ते माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि स्क्रीनकडे पाहत राहिले. म्हातारा पुलावर आपलं वाक्य बोलत होता. बाबांचे हात रिकामे होते आणि त्यांचं काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं. तसं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मी खुर्चीतून उठले. त्यांना बसवलं आणि समोर जाऊन उभी राहिले, रिलीव्हर उभा राहतो तशी.

“बाबा, मी रिलीव्हर,” मी म्हटलं. “चार्ज घ्यायले आली. सांगा.”

त्यांनी स्क्रीनवरची पेटी उघडून बाटल्या मोजल्या. मग घसा साफ केला. “लाल बाटल्या चार. निळ्या दोन,” ते म्हणाले. “कुऱ्हाड ठीक हाये. लांडगे उजव्या अंगानं येतात.” मी वहीत लिहून घेत होते. ते त्याच सुरात पुढे बोलू लागले. “दोन नंबरचा पंप गरम होते. गेजवर भरोसा नाई ठेवायचा, गेज थंडच दाखवते. हात ठेवून पाहायचं. हात तीन मोजेपर्यंत ठेवता आला तर ठीक, नाई तर बंद करून चार नंबर लावायचा. चार नंबरचा व्हॉल्व्ह कडक हाये, आधी थोडा उलटा फिरवायचा, मंग सुलटा. कोणाले माईत नाई हे.”

मी सगळं लिहिलं. उलटा, मग सुलटा. तीन मोजेपर्यंत. ते बोलत राहिले, एक नंबरच्या आवाजाबद्दल, छताच्या गळतीबद्दल, ड्यूटीवर रोज येणाऱ्या आणि डब्यातली पोळी मागणाऱ्या लंगड्या कुत्रीबद्दल. आई दारात उभी राहून ऐकत होती आणि तिच्या हातातल्या पळीतून रस्सा फरशीवर गळत होता.

सांगून झाल्यावर त्यांनी वही आपल्याकडे ओढली, सही केली, आणि वेळेच्या रकान्याशी पेन थांबवलं. नव्या घड्याळात सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. ज्या माणसानं तीस-बत्तीस वर्षांत एक रीडिंग अंदाजे लिहिली नव्हती, त्यानं तिथे लिहिलं: दुपारी दोन. मग वही माझ्यापुढे केली आणि मीही खाली सही केली.

ते उठले, बाहेर जाऊन बूट काढले, पाय धुतले आणि आईला म्हणाले की भूक लागली आहे.

पुढे कॉम्प्युटर बिघडला, गडी गेला, राज्याचं नावही बदललं. चार्ज मात्र मी अजून कोणाला दिलेला नाही. दोन नंबरचा पंप गरम होतो, गेज थंडच दाखवतं, हात ठेवून पाहायचं.